दुसरी निवृत्ती

'रेड' हा २०१० सालचा हॉलिवूडचा विनोदी थरारपट एका पेन्शनच्या तक्रारीने सुरू होतो. फ्रँक मोझेस हा सीआयएचा निवृत्त मारेकरी शांत उपनगरात एकटा राहतो. पेन्शनचा चेक आला की तो फाडून टाकतो आणि चेक मिळालाच नाही म्हणून पेन्शन कार्यालयाला फोन करतो. पलीकडे फोन उचलणारी सारा त्याला आवडते आणि तिच्याशी बोलायला दुसरे निमित्त नाही. पुढे एका रात्री त्याच्या घरावर बंदूकधारी चालून येतात, मग जुने सवंगडी एकेक करून गोळा होतात आणि हेलन मिरेन पांढऱ्याशुभ्र गाउनमध्ये मशीनगन चालवू लागते. निवृत्त हेरांना पुन्हा धोक्यात ओढणाऱ्या विनोदी चित्रपटांचा साचा हाच. व्यवस्थेने अडगळीत टाकलेली माणसे जुन्या कसबाच्या जोरावर त्याच व्यवस्थेला नाचवतात, आणि आपण खुर्चीत बसून खूश होतो.

त्या सगळ्या गोळीबारात मला खरे वाटते ते पहिलेच दृश्य. कारण अशाच एका खऱ्या गोष्टीतही एक हेर आपल्या जुन्या कचेरीशी पेन्शनविषयी पत्रव्यवहार करत होता, आणि तो पत्रव्यवहार कुठल्याही पटकथेपेक्षा विलक्षण आहे.

५ मे १९७२ या तारखेचे ते पत्र आहे. लिहिणारा ई. हॉवर्ड हंट, ज्याला लिहिले तो सीआयएचा मुख्य कायदा सल्लागार लॉरेन्स ह्यूस्टन. हंट दोन वर्षांपूर्वी, ३० एप्रिल १९७० रोजी निवृत्त झाला होता. निवृत्तीचे कागद भरताना आपल्यामागे पत्नीला निवृत्तिवेतन मिळावे हा पर्याय निवडायचा त्याच्याकडून राहून गेला. वर्षभराने त्याने तो बदलून मागितला, पण कार्यालयाने नकार दिला. आता त्याने तोडगा सुचवला होता: मला थोड्या काळासाठी पुन्हा सेवेत घ्या, मी पुन्हा निवृत्त होईन आणि या खेपेस तो पर्याय निवडीन. १६ मे रोजी उत्तर आले. असे करणे निवृत्तिवेतनाच्या कायद्यामागच्या हेतूशी विसंगत ठरेल, असा त्याचा आशय होता.

आपल्याकडे ज्या घरात एक जरी सरकारी नोकरी झाली आहे, तिथे कुटुंब निवृत्तिवेतन या शब्दांचे वजन समजावून सांगावे लागत नाही. तो रकाना भरायचा राहिला, नावाचे स्पेलिंग चुकले, फोटो जुना निघाला, अशा गोष्टींवर म्हातारपणी घरांतून भांडणे होतात. तेव्हा हंटची धडपड कुणालाही आपली वाटेल. विलक्षण आहे ते पुढचे. ह्यूस्टनच्या उत्तरानंतर बाराव्या दिवशी, २८ मेच्या रात्री, हंटच्या साथीदारांनी वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसून फोनमध्ये चोरून ऐकण्याची यंत्रे बसवली. ज्या कचेरीत थोडे दिवस परत घ्या म्हणून तो विनवत होता, तिने दार बंद ठेवले. पण दुसऱ्या एका दाराने तो दहा महिन्यांपूर्वीच आत गेला होता.

हा हंट होता तरी कोण? जन्म १९१८चा, ब्राउन विद्यापीठाचा पदवीधर. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या तत्कालीन हेरखात्यातर्फे चीनमध्ये होता. १९५४ साली ग्वातेमालातले हाकोबो आर्बेन्झ यांचे निवडून आलेले सरकार सीआयएने उलथवले, त्या कारवाईत त्याचा वाटा होता. १९६१ साली क्यूबावर निर्वासितांकरवी केलेल्या बे ऑफ पिग्जच्या स्वारीची राजकीय बाजू तो सांभाळत होता. सुमारे चौदाशे माणसे किनाऱ्यावर उतरली आणि तीन दिवसांत सगळे संपले. अकराशेहून अधिक कैद झाले. मायामीतल्या क्यूबन निर्वासितांत हंट 'एदुआर्दो' या नावाने ओळखला जाई. पराभवाचा दोष त्याने आयुष्यभर केनेडींवर ठेवला. सीआयएतली त्याची चढण तिथेच थांबली.

आणि तो कादंबरीकार होता. ही गोष्ट साहित्याच्या वाचकाने सोडून द्यावी अशी नाही. त्याची पहिली कादंबरी १९४२ साली आली. १९४६ साली त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, ती आजही कुणाही लेखकाला हेवा वाटावा अशी. पुढे नोकरीत राहून त्याने निरनिराळ्या टोपणनावांनी चाळीसहून अधिक पुस्तके लिहिली. १९६५ पासून डेव्हिड सेंट जॉन या नावाने त्याने पीटर वॉर्ड नावाच्या सीआयए हेराची मालिका चालवली. जेम्स बाँडला अमेरिकन उत्तर द्यायचे अशी त्यामागची कल्पना होती. पीटर वॉर्ड उंची मद्य जाणतो, कपड्यांबाबत चोखंदळ असतो, आणि त्याची कामगिरी सहसा फसत नाही. गोर व्हिडालने १९७३च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये हंटच्या साहित्यावर दीर्घ लेख लिहिला. तो खवचट आहे, पण व्हिडालने ती पुस्तके खरोखर वाचली होती, आणि हंटला एवढ्या गांभीर्याने वाचणारा समीक्षक त्याआधी मिळाला नव्हता. त्यासाठी आधी तुरुंगात जावे लागले.

निवृत्तीच्या वेळी तो ५१ वर्षांचा होता. चार मुले, त्यांच्या शाळा, घरातल्या आजारपणाचा खर्च. त्याने वॉशिंग्टनमध्ये रॉबर्ट मलन यांच्या जनसंपर्क कंपनीत नोकरी धरली. या कंपनीने परदेशात सीआयएच्या माणसांना आडोसा दिलेला होता, त्यामुळे हंट खरोखर निवृत्त झालाच नव्हता असे मानणारेही पुष्कळ आहेत. ते पत्र वाचल्यावर मला तसे वाटत नाही. कुणाचा तरी छुपा हात पाठीशी असलेला माणूस पत्नीच्या पेन्शनसाठी असे अर्ज करत बसत नाही.

ओढ होती ती वेगळी. १९७१च्या एप्रिलमध्ये बे ऑफ पिग्जला दहा वर्षे झाली. हंट मायामीला गेला, जुना साथीदार बर्नार्ड बार्कर याच्या घरी पोचला. बार्कर भेटला नाही, तेव्हा दारावर चिठ्ठी अडकवून आला: तू तोच जुना बार्कर असशील तर मला भेट. हा बार्कर हवानात जन्मलेला, महायुद्धात अमेरिकेच्या विमानदलात असताना जर्मनांच्या कैदेत राहिलेला, नंतर क्यूबाच्या स्वारीत हंटचा उजवा हात; आता मायामीत घरे-जमिनींचे व्यवहार करणारा. एदुआर्दो परत आला या बातमीने त्या माणसांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. दहा वर्षे त्यांनी हरलेल्या लढाईची आठवण काढत घालवली होती. त्यांच्यातल्या युजेनिओ मार्टिनेझने सीआयएसाठी क्यूबाच्या किनाऱ्यावर तीनशेहून अधिक गुप्त फेऱ्या केल्या होत्या आणि त्याला अजूनही महिना शंभर डॉलर मिळत. वॉशिंग्टनमधला एदुआर्दो बोलावतो आहे म्हणजे क्यूबाचेच काही असणार, असे या मंडळींनी गृहीत धरले. हंटने तो गैरसमज दूर केला नाही.

जून १९७१मध्ये व्हिएतनाम युद्धाचे गुप्त दस्तऐवज 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापायला सुरुवात केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन संतापले. गळती थांबवण्यासाठी एक छोटा गट उभा राहिला. गळती म्हटली की नळवाला आला, म्हणून गटातल्या एकाने दारावर 'प्लंबर्स' अशी पाटीच लावली, आणि तेच नाव पडले. निक्सनचे सल्लागार चार्ल्स कोल्सन हेही ब्राउन विद्यापीठाचे. त्यांनी ओळखीतून हंटला सल्लागार म्हणून घेतले, दिवसाला शंभर डॉलरवर. जुलैमध्ये हंट सीआयएचे उपसंचालक कुशमन यांना भेटला आणि सामान मागितले. त्याला केसांचा टोप मिळाला, आवाज बदलणारे यंत्र मिळाले, एडवर्ड वॉरेन या नावाची कागदपत्रे मिळाली. पेन्शनच्या कागदाला अडून बसणाऱ्या कार्यालयाने टोप मात्र लगेच दिला.

इथून पुढे विनोदी चित्रपट सुरू होतो, आणि त्यात कुणाला काही जोडावे लागत नाही.

ऑगस्टमध्ये हंट आणि त्याचा जोडीदार गॉर्डन लिडी कॅलिफोर्नियाला गेले. युद्धाचे दस्तऐवज फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्गच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची टेहळणी करायची होती. जागेचे फोटो काढायचे तर हंटने लिडीलाच तिथे उभे करून फोटो काढला. मागच्या भिंतीवर डॉक्टरचे नाव स्पष्ट दिसत होते. फिल्म धुऊन द्यायला त्यांनी ती सीआयएकडे दिली, आणि कुठल्याही नीट कचेरीप्रमाणे सीआयएने त्याची एक प्रत ठेवून घेतली. पुढे तीच पुरावा झाली. सप्टेंबरच्या आरंभी मायामीच्या मंडळींनी खिडकी फोडून दवाखान्यात प्रवेश केला. उपयोगाचे काही हाती न लागल्याने त्यांनी गोळ्या जमिनीवर विखरून दिल्या; कुणी व्यसनी चोरी करून गेला असे वाटावे. त्या रात्री हंट आणि लिडीने शॅम्पेन उघडली.

त्याच सुमारास हंटमधला लेखकही कामाला लागला. १९६३ साली दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष दिएम मारले गेले. त्यामागे केनेडींचा थेट हात होता असे दाखवणारी तार त्याला सरकारी कागदांत सापडली नाही, तेव्हा त्याने पाते आणि झेरॉक्सचे यंत्र घेऊन ती तयार केली आणि 'लाइफ' मासिकाच्या एका पत्रकाराला दाखवली. पत्रकाराने मूळ प्रत मागितली, आणि प्रकरण तिथेच थांबले. एवढी पुस्तके छापून आलेल्या माणसाचे हे लेखन मात्र अप्रकाशित राहिले. पुढे ती बनावट तार एफबीआयच्या प्रभारी संचालकांकडे गेली. त्यांनी ती नाताळच्या कचऱ्याबरोबर घरी जाळली, आणि ते उघडकीला आल्यावर त्यांना पद सोडावे लागले.

मग १९७२ची निवडणूक आली. लिडीने खुद्द अ‍ॅटर्नी जनरलच्या दालनात दहा लाख डॉलर खर्चाची गुप्त योजना रंगीत तक्त्यांसह मांडली. ती अडीच लाखांवर उतरली आणि त्यातून वॉटरगेट निघाले. चोरून ऐकण्याच्या तंत्राचे काम जेम्स मॅकॉर्डकडे गेले. तोही सीआयएच्या सुरक्षा विभागातून १९७०मध्येच निवृत्त झालेला आणि आता निक्सनच्या प्रचार समितीचा सुरक्षाप्रमुख.

२६ मे रोजीचा पहिला प्रयत्न जेवणावळीच्या निमित्ताने झाला. बार्करच्या कंपनीच्या नावाने वॉटरगेटमधला एक भोजनकक्ष घेतला होता. तिथून मागच्या वाटेने कार्यालयाच्या मजल्यावर जायचे ठरले. सगळे पांगल्यावर हंट आणि कुलपे उघडण्यात तरबेज असलेला व्हर्जिलिओ गोन्झालेझ आतल्या कपाटात लपले. पहारेकऱ्याने दिवे घालवले, दार लावले. गोन्झालेझला पुढचे कुलूप उघडेना. ग्वातेमालाचे सरकार उलथवण्यात हातभार लावलेला माणूस रात्रभर त्या खोलीत अडकून पडला. निसर्गाची हाक आली तेव्हा त्याने स्कॉचच्या एका बाटलीचा आधार घेतला, असे लिडीने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशीचा प्रयत्न गोन्झालेझकडे योग्य हत्यारे नाहीत म्हणून फसला. त्याला हत्यारे आणायला विमानाने मायामीला धाडले गेले. तिसऱ्या रात्री ते आत शिरले. बसवलेल्या यंत्रांपैकी पक्षाध्यक्ष लॅरी ओब्रायन यांच्या फोनवरच्या यंत्रातून काही ऐकूच आले नाही. म्हणून परत जायचे ठरले.

१७ जूनच्या पहाटेची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, तरी तिच्यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत. मॅकॉर्डने दरवाजांच्या खिट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ठेवली होती, दार ओढले तरी कुलूप बसू नये म्हणून. पट्टी आडवी लावल्याने तिची टोके दाराच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती. २४ वर्षांचा रात्रपाळीचा पहारेकरी फ्रँक विल्स फेरी मारत होता. कुणी कामगार विसरला असेल असे समजून त्याने पट्टी काढून टाकली आणि समोरच्या हॉवर्ड जॉन्सन हॉटेलातून खायला घेऊन आला. त्याच हॉटेलच्या सातव्या मजल्यावर या टोळीचा टेहळ्या आल्फ्रेड बाल्डविन खिडकीशी बसला होता. टोळी आली, पट्टी गायब. पुढे जायचे का यावर चर्चा झाली. हंटच्या सांगण्यानुसार तो थांबण्याच्या बाजूने होता. लिडीने पुढे जायचे ठरवले. दार पुन्हा उघडले आणि पुन्हा पट्टी लावली गेली. आत आल्यावर ती काढलीस ना, असे आपण मॅकॉर्डला विचारले आणि तो हो म्हणाला, असे मार्टिनेझने नंतर लिहिले. ती काढलेली नव्हती. परतलेल्या विल्सने ती पाहिली आणि पोलिसांना फोन केला.

आले ते साध्या कपड्यांतले, लांब केसांचे, हिप्पी वाटावेत असे पोलीस. गाडीवरही पोलिसांची खूण नाही. बाल्डविनने त्यांना उतरताना पाहिले, पण त्याला काही विशेष वाटले नाही. समोरच्या मजल्यावर एकेक दिवा लागत गेला आणि बाल्कनीत पिस्तूल घेतलेली माणसे दिसली, तेव्हा त्याने वॉकीटॉकीवर विचारले, आपली माणसे सुटात आहेत की साध्या कपड्यांत? सुटात, असे उत्तर आले. मग आपल्याला अडचण आहे, असे तो म्हणाला. बार्करने आपल्या वॉकीटॉकीचा आवाज बारीक केलेला होता. पाच माणसे सुटाबुटात, हातांत शस्त्रक्रियेचे रबरी मोजे घालून, टेबलामागे सापडली. पन्नाशीच्या आसपासची माणसे.

त्यांच्याकडे आणि त्यांच्या खोल्यांत शंभराच्या कोऱ्या नोटा मिळाल्या, क्रमांकाने लागून. पत्त्यांच्या वहीत हंटचे नाव आणि त्यापुढे व्हाइट हाउसची खूण. आणि हंटने एका कंट्री क्लबला लिहिलेला ६ डॉलर ३६ सेंटचा चेक, पाकिटासह, टपालात टाकायचा राहिलेला. पीटर वॉर्डच्या कादंबरीत असा चेक आला असता तर हंटने स्वतःच तो खोडला असता.

त्याच दिवशी न्यायाधीशांनी मॅकॉर्डला व्यवसाय विचारला. सरकारी नोकरीतून निवृत्त, असे तो म्हणाला. कुठल्या खात्यातून, असे पुन्हा विचारल्यावर त्याने हळू आवाजात सीआयए म्हटले. 'वॉशिंग्टन पोस्ट'चा बॉब वुडवर्ड न्यायालयात बसला होता. त्याने ते ऐकले, आणि पुढच्या दोन वर्षांच्या बातमीदारीची सुरुवात तिथे झाली.

'रेड'सारख्या चित्रपटांत मुरलेले कसब नव्या व्यवस्थेवर मात करते. इथे कसब होते, पण ते परदेशात घडलेले होते. परदेशात हेर पकडला गेला तर मागे दूतावास असतो, खोटा पासपोर्ट असतो, गुपचूप सोडवून नेणारा कुणीतरी असतो; आणि मुख्य म्हणजे तिथला पहारेकरी हा परक्या सत्तेचा नोकर असतो. फ्रँक विल्स कुणा परक्या सत्तेचा नोकर नव्हता. आठवड्याला ८० डॉलर कमावणारा तो काळा तरुण आपल्याच शहरात आपले काम करत होता. ग्वातेमालात आणि क्यूबात जे करायची सवय लागली, ते घरी केले की त्याला घरफोडी म्हणतात, एवढा साधा फरक तीस वर्षांच्या अनुभवात कुठेतरी पुसला गेला होता. सीआयएच्या इतिहासाकडे पाहताना वॉटरगेटला गबाळी चूक म्हणून बाजूला ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. मला ती मान्य नाही. गबाळेपणा ग्वातेमालातही होता. तिथे विचारणारे न्यायालय नव्हते.

सहा दिवसांनी, २३ जूनला, निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हाल्डमन यांच्यात बोलणे झाले. सीआयएने एफबीआयला तपास थांबवायला सांगावा, असा बेत ठरला. कारण काय द्यायचे, तर हा हंट बोलू लागला की बे ऑफ पिग्जचे जुने प्रकरण वर येईल. माणूस निवृत्त झाला होता, पण त्याचा पराभव अजून सरकारच्या उपयोगाचा होता. हे संभाषण ध्वनिमुद्रित झाले. ५ ऑगस्ट १९७४ रोजी ते जाहीर झाले आणि चार दिवसांनी निक्सन पायउतार झाले.

इकडे पकडलेल्यांची तोंडे बंद ठेवायला पैसे लागत होते. ते पोचवण्याचे काम टोनी उलासेविच या माणसाला मिळाले. तोही निवृत्त, न्यूयॉर्क पोलिसांतून. तो सार्वजनिक फोनवरून बोले. खिशातली चिल्लर एवढी वाढली की त्याने बसकंडक्टर वापरतात तसले नाणी सोडणारे यंत्र पट्ट्याला लावले. विमानतळावरच्या लॉकरमध्ये तो नोटांचे पुडके ठेवी आणि किल्ली फोनपाशी लपवी. ही हकिगत सिनेटच्या चौकशीत त्याने सांगितली तेव्हा सभागृह हसत होते. सांकेतिक नावेही ठरलेली होती. हंटला तो 'लेखक' म्हणे. पैसे न्यायला येणारी स्त्री 'लेखकाची बायको'.

ती डोरोथी हंट. नवऱ्याने पेन्शनच्या रकान्यात जिचे नाव घालायचे राहिले, ती. आता त्याच्या साथीदारांच्या घरांना, वकिलांना पैसे वाटण्याची जबाबदारी तिच्यावर आली होती. ८ डिसेंबर १९७२ रोजी ती वॉशिंग्टनहून शिकागोला निघाली. युनायटेडचे ते बोइंग ७३७ विमान मिडवे विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना घरांवर कोसळले. विमानातल्या ६१ जणांपैकी ४३ आणि जमिनीवरचे दोघे मरण पावले. डोरोथीच्या सामानात शंभराच्या नोटांत दहा हजारांहून अधिक डॉलर मिळाले. नातेवाइकांच्या मोटेल-व्यवसायात गुंतवायला ते नेत होती, असे हंटचे म्हणणे. साहजिकच घातपाताच्या चर्चा झाल्या, आजही होतात. चौकशी मंडळाने दोष वैमानिकांवर ठेवला, आणि तो अहवाल नाकारण्याजोगे काही माझ्या वाचनात आलेले नाही.

२०२३ साली एचबीओने 'व्हाइट हाउस प्लंबर्स' ही पाच भागांची विनोदी मालिका काढली. वुडी हॅरल्सन त्यात हंट झाला आणि लीना हेडी डोरोथी. टोप, कपाटातली रात्र, चिकटपट्टी, सगळे आहे. पण विमानापाशी आल्यावर त्या मालिकेलाही काय करावे कळत नाही. हसणे थांबते आणि पुन्हा नीट सुरू होत नाही. हा मालिकेचा दोष मानणारे असतील. मला तो तिचा प्रामाणिकपणा वाटला.

जानेवारी १९७३मध्ये हंटने गुन्हा कबूल केला. मार्चमध्ये त्याची एक लाखाहून अधिकची मागणी व्हाइट हाउसला पोचली. २१ मार्चला निक्सन आणि जॉन डीन त्यावर बोलले आणि त्याच रात्री ७५ हजार डॉलर त्याच्या वकिलाकडे गेले. दोनच दिवसांनी न्यायमूर्ती सिरिकांनी त्याला तात्पुरती ३५ वर्षांची शिक्षा सुनावली, आणि मॅकॉर्डचे पत्र भर न्यायालयात वाचून दाखवले: साक्षीदारांवर दबाव आहे, खोट्या साक्षी झाल्या आहेत. भिंत पडली ती त्या पत्राने. हंट अखेर ३३ महिने तुरुंगात राहिला, बाहेर आल्यावर पुन्हा लग्न केले, पुन्हा हेरकथा लिहिल्या आणि जानेवारी २००७मध्ये मायामीत वारला. मार्टिनेझला रेगन यांनी १९८३मध्ये माफी दिली. तो २०२१ साली ९८व्या वर्षी गेला. मॅकॉर्ड २०१७मध्ये मरण पावला आणि वर्तमानपत्रांना ते कळायला २०१९ उजाडले. या सगळ्यांत निवृत्ती जमली ती त्यालाच.

फ्रँक विल्सने 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' या १९७६च्या चित्रपटात काही क्षण स्वतःचीच भूमिका केली. पट्टी काढणारा तो हात खऱ्या माणसाचा आहे. त्याला नीट नोकरी पुन्हा मिळाली नाही. १९८३ साली बुटांचा एक जोड चोरल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. २००० साली तो ५२ वर्षांचा असताना गेला. त्याला पेन्शन असण्याचा प्रश्नच नव्हता.

हंटच्या अर्जाचे पुढे काही झाले नाही. अर्जाचे कारणच उरले नाही. ८ डिसेंबरच्या त्या दुपारी विमानात चढण्यापूर्वी डोरोथीने विमानतळावर प्रवासाचा विमा उतरवला होता. तो अर्ज तिने नीट भरला होता, आणि लाभार्थीच्या रकान्यात नवऱ्याचे नाव होते.